वारा, स्फोट आणि पाइप: ड्रॅग कोएफिशंट निवडताना

पाइपिंग स्ट्रेस ॲनालिसिसच्या सॉफ्टवेअरमध्ये वाऱ्याचा शेप फॅक्टर विचारणारा एक लहानसा रकाना असतो. बहुतेक मॉडेलमध्ये तिथे ०.६५ किंवा ०.७ असा आकडा असतो आणि तो आधीच्या प्रोजेक्टवरून जसाच्या तसा आलेला असतो. त्याच कार्यालयात शेजारच्या टेबलावर कुणी स्फोटाच्या भाराचं गणित करत असेल, तर त्याच्या कागदावर त्याच पाइपसाठी १.२ दिसतो. पाइप एकच, हवा एकच, तरी गुणांक जवळजवळ दुप्पट. नव्या इंजिनिअरने याचं कारण विचारलं, तर ‘प्रॅक्टिस आहे’ यापलीकडे उत्तर मिळणं अवघड असतं. हे दोन्ही आकडे आपापल्या जागी योग्य असू शकतात, पण ती जागा कोणती हे माहीत नसेल तर दोन्ही चुकीचे ठरतात. पुण्यात, ठाण्यात, नवी मुंबईत बसून देशोदेशींच्या रिफायनरींचं स्ट्रेसचं काम करणारे आपले अनेक इंजिनिअर आज भारतीय, उद्या अमेरिकन, परवा युरोपीय कोडवर काम करतात. त्यांच्यासाठी हा लेख आहे.

सूत्र सोपं आहे. पाइपच्या एका मीटरवरचं बल म्हणजे गुणांक, गुणिले हवेचा गतिज दाब, गुणिले बाहेरचा व्यास. गतिज दाब म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. गुणांक हा काही पाइपचा अंगभूत गुणधर्म नव्हे. हवा पाइपच्या पाठीमागे कुठे सुटते, यावर तो ठरतो. पुराच्या पाण्यात पुलाच्या खांबामागे जो खळगा दिसतो, तसाच कमी दाबाचा पट्टा वाऱ्यात पाइपमागे तयार होतो. तो पट्टा रुंद असेल तर ओढ जास्त, अरुंद असेल तर कमी.

हा पट्टा अचानक अरुंद होतो, ही गोष्ट शंभरहून अधिक वर्षांपूर्वी लक्षात आली. पॅरिसचा मनोरा बांधणाऱ्या गुस्ताव्ह आयफेल यांना १९१२ च्या सुमारास आपल्या पवनबोगद्यात असं आढळलं, की ठरावीक वेगापुढे गोलावरचा गुणांक निम्म्याहूनही खाली येतो. लुडविग प्रांट्ल यांनी १९१४ मध्ये गोलाभोवती बारीक तारेचं कडं बसवून कारण दाखवून दिलं: पृष्ठभागालगतचा हवेचा थर खळबळीचा झाला की तो पृष्ठभागाला जास्त वेळ चिकटून राहतो, उशिरा सुटतो आणि मागचा पट्टा आकसतो. दंडगोलाचंही तसंच. रेनॉल्ड्स अंक सुमारे दोन लाखांपर्यंत गुळगुळीत लांब दंडगोलाचा गुणांक १.२ च्या आसपास असतो, पाच लाखांच्या जवळपास तो ०.३ पर्यंत घसरतो आणि पुढे परत चढतो. अनातोल रॉश्को यांनी १९६१ मध्ये दाखवलं, की ३५ लाखांच्या पुढे तो ०.७ च्या आसपास स्थिरावतो.

आपल्या दोन आकड्यांचं मूळ इथेच आहे. १.२ हा घसरणीच्या अलीकडचा, ०.६ ते ०.७ हा पलीकडचा. मधला ०.३ चा खड्डा कोडवाले मुद्दाम वापरत नाहीत. पृष्ठभाग जरा खरखरीत झाला किंवा वाऱ्यातली खळबळ बदलली की तो खड्डा सरकतो आणि उथळही होतो. त्याच्या भरवशावर भार कमी करता येत नाही.

कोडमध्ये दडलेला रेनॉल्ड्स अंक

आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात रेनॉल्ड्स अंकाची मर्यादा सरळ दिलेली नाही. तिथे डिझाइन वेग मीटर प्रतिसेकंदात आणि व्यास मीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार ६ च्या खाली आहे की वर, एवढंच पाहायला सांगितलं आहे. हवेची गतिज विष्यंदिता सुमारे ०.००००१५ वर्गमीटर प्रतिसेकंद धरली, तर ६ म्हणजे रेनॉल्ड्स अंक चार लाख. घसरण होते ती नेमकी हीच जागा. अमेरिकेच्या एएससीई ७ मध्ये व्यास गुणिले गतिज दाबाचं वर्गमूळ ही राशी ५.३ शी ताडून पाहतात. तिचं वेगात रूपांतर केलं तर गुणाकार ६.८ च्या जवळ, म्हणजे रेनॉल्ड्स अंक साडेचार लाख येतो. दोन देशांची पुस्तकं वेगळ्या शब्दांत एकच गोष्ट सांगतात.

लांब वर्तुळाकार छेदासाठी आयएस ८७५ सांगतं, की गुणाकार ६ च्या खाली असेल तर १.२, ६ किंवा त्याहून वर असून पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर ०.६; वर असूनही पृष्ठभाग खडबडीत असेल किंवा त्यावर उंचवटे असतील तर पुन्हा १.२. एएससीई ७ च्या चिमण्या-टाक्यांच्या तक्त्यात लांबी व्यासाच्या पंचवीस पट असेल तर गुळगुळीत पृष्ठभागाला ०.७, खडबडीतला ०.९ आणि फार खडबडीतला १.२ दिलेला आहे. सॉफ्टवेअरमधला ०.७ बहुधा या तक्त्यातून उतरला आहे. तिथे त्याला ०.८५ हा झोत-गुणक लागतो, म्हणजे हिशेब ०.६ वरच येतो. एएससीईचा ०.७ घेऊन तो आयएसच्या दाबाला लावणं, किंवा आयएसचा ०.६ घेऊन त्याला वर ०.८५ ने गुणणं, या दोन्ही गोष्टी मी तपासणीत पाहिल्या आहेत. गुणांक ज्या कोडमधून घेतला, दाबही त्याच कोडचा हवा.

आता खरे आकडे घालून पाहू. मुंबईचा मूळ वेग आयएस ८७५ नुसार ४४ मीटर प्रतिसेकंद आहे. जमिनीपासून १० मीटर उंचीवर, मोकळ्या जागेत, तीन सेकंदांच्या झोताचा, ५० वर्षांच्या पुनरावृत्तीचा हा वेग आहे. बाकीचे गुणक १ धरले तर दाब ०.६ गुणिले ४४ चा वर्ग, म्हणजे ११६२ पास्कल. या वेगाला ६ ची मर्यादा १३६ मिलिमीटर व्यासावर येते. उघडा चार इंची पाइप, म्हणजे ११४.३ मिलिमीटर, मर्यादेच्या खाली. त्याचा गुणांक १.२ आणि बल मीटरला १५९ न्यूटन. उघडा सहा इंची पाइप, १६८.३ मिलिमीटर, मर्यादेच्या वर. त्याचा गुणांक ०.६ आणि बल मीटरला ११७ न्यूटन. म्हणजे तक्ता शब्दशः वापरला तर जाड पाइपवर बारीक पाइपपेक्षा कमी वारा लागतो. इथे थांबून विचार करायला हवा.

सहा इंची पाइपवर वारा ४४ ऐवजी ३५.६ च्या जरा खाली वाहत असेल, तर गुणाकार ६ च्या आत येतो, गुणांक १.२ होतो आणि बल मीटरला १५४ न्यूटन भरतं. डिझाइन वेगाला ११७, त्याहून कमी वेगाला १५४. वादळ ४४ पर्यंत चढताना ३५ वरून जाणारच, तेव्हा या पाइपची डिझाइन अवस्था ४४ वर नसून ३५ वर आहे. प्रत्यक्ष निसर्गात पायरी इतकी तीक्ष्ण नसते, पण आपण कोडची पायरी वापरत असू तर तिचे दोन्ही काठ पाहायला हवेत. थोडं बीजगणित केलं की असं दिसतं, की वेग आणि व्यास यांचा गुणाकार ६ ते ८.५ च्या दरम्यान असेल तर मर्यादेच्या किंचित खालच्या वेगाचा भार जास्त भरतो. मुंबईच्या ४४ ला हा पट्टा १३६ ते १९३ मिलिमीटर व्यासाचा आहे. पुण्याच्या ३९ ला तो साधारण १५४ ते २१८ चा. सहा इंची उघडा पाइप आणि इन्सुलेशन असलेले तीन-चार इंची पाइप नेमके यात सापडतात, आणि प्लांटमध्ये अशाच पाइपांची गर्दी असते. माझा सल्ला साधा आहे: गुणाकार ८.५ च्या आत असेल तर १.२ घ्या, आणि वेग डिझाइनचाच ठेवा. थोडं जास्त धरलं जाईल, पण सपोर्टवर त्याचा खर्च नगण्य असतो. मोठ्या पाइपांना, विशेषतः २४ इंची आणि त्यापुढच्या ओव्हरहेड लाइनला मात्र १.२ लावणं उधळपट्टी आहे. तिथे ०.६ ते ०.७ च योग्य.

खडबडीतपणा डोळ्यांनी ठरवू नका, गुणोत्तराने ठरवा. उंचवट्याची उंची भागिले व्यास हे एएससीईचं माप आहे: ०.०२ म्हणजे खडबडीत, ०.०८ म्हणजे फार खडबडीत. सहाशे मिलिमीटरच्या क्लॅडिंग केलेल्या पाइपवर ॲल्युमिनिअमच्या पट्ट्या आणि पत्र्याचे जोड एखाद-दोन मिलिमीटर वर येतात. ते गुळगुळीतच समजा. पण दीडशे मिलिमीटरच्या पाइपला बाहेरून बारा मिलिमीटरची इन्स्ट्रुमेंट ट्यूब किंवा केबलचा कंड्युइट बांधला असेल, तर गुणोत्तर थेट ०.०८ होतं आणि वेग कितीही असला तरी गुणांक १.२. अशा बांधलेल्या नळ्या मॉडेलमध्ये कधी दिसत नाहीत. त्या साइटवर नंतर येतात. म्हणून लहान व्यासाला १.२ धरण्याचा आग्रह आणखी पक्का होतो.

दाब कुणाचा, तो कशासाठी

गुणांकावर वाद घालण्याआधी तो ज्याला गुणायचा तो दाब कुठून आला हे पाहिलं, तर निम्मे वाद मिटतात. २०१० पासून एएससीई ७ च्या नकाशांतले वेग अंतिम सामर्थ्याच्या पातळीचे आहेत. नेहमीच्या वर्गाच्या इमारतींसाठी ७०० वर्षांच्या पुनरावृत्तीचे. आपलं एएसएमई बी३१.३ मात्र अनुज्ञेय ताणाच्या पद्धतीने चालतं. त्यामुळे तो वारा ०.६ ने गुणून मगच ताणाच्या तपासणीत घ्यायचा असतो. वेगात बोलायचं तर ०.७७५ ने. हे विसरलं तर भार दोन-तृतीयांशाने फुगतो, नोझल फेल होतात, आणि मग कुणीतरी गुणांक कमी करून मॉडेल पास करतं. मॉडेल पास होतं, पण आत दोन चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असतात. उलट आयएस ८७५ चा वेग ५० वर्षांचा असल्यामुळे त्याला असं घटवायचं कारण नाही. युरोपीय कोडमध्ये मूळ वेग दहा मिनिटांच्या सरासरीचा असतो आणि झोताचा परिणाम नंतर वेगळ्या गुणकाने येतो. त्यामुळे वेगाचे आकडे शेजारी ठेवून ‘यांचा वारा कमी आहे’ असं म्हणू नये.

आयएस ८७५ मध्ये दिशेचा गुणक चौकोनी इमारती आणि जाळीदार मनोऱ्यांसाठी ०.९ आहे, पण वर्तुळाकार रचनांना १ घ्यायचा आहे. सिव्हिल विभागाकडून आलेल्या डिझाइन दाबात हा ०.९ आधीच शिरलेला असू शकतो. विचारून घ्या.

किनाऱ्यावरच्या कामात आणखी एक गोष्ट येते. आयएस ८७५ च्या २०१५ च्या आवृत्तीत चक्रीवादळी पट्ट्यासाठी चौथा गुणक आला: औद्योगिक रचनांना १.१५ आणि वादळानंतरही चालू राहायलाच हव्यात अशा रचनांना १.३०. तो पूर्व किनारा आणि गुजरात यांच्या सुमारे ६० किलोमीटरच्या पट्टीसाठी आहे. विशाखापट्टणमचा मूळ वेग ५०. तो १.१५ ने ५७.५ होतो आणि दाब १५०० वरून १९८४ पास्कलवर जातो. कोकण या पट्टीत धरलेलं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि त्याच जिल्ह्यात थळ, नागोठणे, उसर, पाताळगंगा अशी रसायनांची आणि वायूची केंद्रं आहेत. कोड सक्ती करत नाही, पण मालकाशी हा प्रश्न डिझाइन बेसिस लिहितानाच बोलून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. फायरवॉटर आणि फ्लेअर लाइनपुरता तरी.

क्षेत्रफळाबद्दल थोडक्यात. इन्सुलेशनसकटचा बाहेरचा व्यास धरा. सॉफ्टवेअर तो धरतं, पण इन्सुलेशनची जाडी नीट भरली असेल तरच. व्हॉल्व्ह आणि त्यांचे ॲक्च्युएटर मॉडेलमध्ये रिजिड एलिमेंट असतात आणि त्यांच्यावर फक्त पाइपच्या व्यासाचा वारा लागतो. मोठ्या ॲक्च्युएटरचं क्षेत्रफळ हाताने काढून तिथे बल लावा. रॅकवरच्या पाइपांचा सिव्हिलला द्यायचा भार हा वेगळा विषय आहे. तिथे सर्वांत मोठ्या पाइपचा व्यास अधिक रॅकच्या रुंदीचा दहावा हिस्सा एवढी उंची धरून ०.७ लावण्याची रीत पेट्रोकेमिकल उद्योगात रूढ आहे. ती पाइपांनी एकमेकांना दिलेला आडोसा धरून केलेली बेरीज आहे. एकेका पाइपच्या स्ट्रेस मॉडेलमध्ये तो आडोसा धरू नका. वाऱ्याकडचा पहिला पाइप कोणता, हे वारा येईल त्या दिशेवर ठरतं.

स्फोट: अतिदाब वेगळा, गतिज दाब वेगळा

आता अवघड भाग. स्फोटाच्या अहवालात ‘या भागात ०.३ बार’ असं लिहून येतं. हा अतिदाब असतो. तो पाइपच्या चारही बाजूंनी लागतो आणि मिलिसेकंदाच्या आसपास दोन्ही बाजूंना सारखा होतो. नंतर पाइपला ढकलतो तो लाटेमागून येणारा वारा, म्हणजे गतिज दाब. आडव्या धक्क्याच्या लाटेसाठी तो रँकिन-ह्युगोनिओ संबंधातून येतो: अतिदाबाचा वर्ग गुणिले २.५, भागिले वातावरणाच्या दाबाची सात पट अधिक अतिदाब. ०.३ बारला हे ०.०३०४ बार, म्हणजे ३.०४ किलोपास्कल भरतं. अतिदाबाच्या साधारण एक दशांश. त्या वेळी हवेचा वेग ६४ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी २३० किलोमीटर असतो आणि हवा नेहमीपेक्षा पाचव्या हिश्शाने दाट झालेली असते.

सहा इंची पाइपवर १.२ गुणांकाने याचा भार मीटरला ६१४ न्यूटन. मुंबईच्या वाऱ्याला कोडच्या पायरीवर आलेल्या १५४ न्यूटनच्या चौपट. पण कुणी चुकून ३० किलोपास्कल थेट व्यासाला गुणले तर मीटरला ५०५० न्यूटन येतात. या एका चुकीने रॅकवर जाडजूड गाइडची रांग उभी राहते आणि मग त्या गाइडमुळे पाइपचं उष्णतेचं प्रसरण अडतं. रोज तापणाऱ्या लाइनला आयुष्यात एखाद्या वेळी येईल अशा भारासाठी जखडून टाकणं हा वाईट सौदा आहे.

दुसऱ्या टोकाला, ०.१ बारला गतिज दाब फक्त ३४८ पास्कल आणि त्याच पाइपवर भार मीटरला ७० न्यूटन, वाऱ्याच्या त्या १५४ च्या निम्माही नाही. या पाइपला दोन्ही भार साधारण ०.१५ बारला सारखे होतात. त्यामुळे अतिदाब ०.१ बारच्या आत असलेल्या भागात प्रत्येक लाइनचं स्फोटाचं मॉडेल करत बसण्याआधी हे गणित कागदावर करा. वारा आधीच पुरेसा सापडतो, हे बऱ्याच लाइनसाठी दिसून येईल. मात्र गतिकीय गुणक जमेस धरल्यावरच हा निर्णय घ्या. त्याकडे पुढे येतो.

स्फोटात १.२ च का, ०.६ का नाही? रेनॉल्ड्स अंक तर मर्यादेच्या वर आहे. कारण घसरणीनंतरचा कमी गुणांक स्थिर प्रवाहाचा आहे. पृष्ठभागालगतचा थर खळबळीचा व्हायला आणि मागचा पट्टा स्थिरावायला वेळ लागतो, आणि स्फोटाचा वारा दहा-वीस-पन्नास मिलिसेकंदांत संपतो. त्याचा वेगही सारखा उतरत असतो. म्हणून स्फोटाच्या हातपुस्तिकांत आडव्या प्रवाहातल्या लांब दंडगोलाला १.२ घेतात. चौकोनी डबे आणि जंक्शन बॉक्ससारख्या समोरून सपाट वस्तूंना १.०५ च्या आसपास. अतिदाब खूप मोठा असेल आणि वाऱ्याचा माख अंक ०.४ कडे जाऊ लागला तर गुणांक आणखी वाढतो, पण पाइप वाचवायचा विचार जिथे करतो त्या पातळीला ही वेळ सहसा येत नाही.

व्यास मोठा असेल तर आणखी सावध राहा. लाट पाइपवरून जाताना समोर परावर्तित दाब आणि मागे काही नाही, अशी जी क्षणिक अवस्था असते ती बारीक पाइपला क्षुल्लक असते. ०.३ बारला परावर्तित दाब सुमारे ०.६७ बार होतो आणि लाटेचा वेग ३८० मीटर प्रतिसेकंद. सपाट पृष्ठभागाचं ढोबळ गणित केलं तर सहा इंचीवर हा दाब अर्ध्या-पाऊण मिलिसेकंदात ओसरतो. त्याचा आवेग सुमारे २२ पास्कल-सेकंद. पन्नास मिलिसेकंदांच्या त्रिकोणी ड्रॅग भाराचा आवेग ९१. पण दीड मीटर व्यासाच्या डक्टला ओसरायला सहा मिलिसेकंद लागतात आणि आवेग २०० च्या घरात जातो, ड्रॅगच्या दुप्पट. सहाशे मिलिमीटरला दोन्ही जवळजवळ बरोबरीला येतात. गोल पृष्ठभागावर प्रत्यक्षात थोडं कमी होईल, पण दिशा कळते: अर्धा-पाऊण मीटरच्या पुढे ‘फक्त ड्रॅग’ म्हणून सुटता येत नाही. फ्लेअर हेडर, मोठे सक्शन डक्ट आणि आडव्या वेसलना दोन्ही अवस्था धराव्या लागतात.

वरचं सगळं गणित लाट बाहेरून येते तेव्हाचं. पाइप वायूच्या ढगाच्या आतच असेल तर हा संबंध लागू पडत नाही. तिथे ज्वाला अडथळ्यांमधून वेग घेत जाते आणि तिने पुढे ढकललेला वायू पाइपांवरून वाहतो. अतिदाब सावकाश चढतो, पण वारा त्याच्या हिशेबाबाहेर जोरदार असू शकतो. गर्दीच्या ऑफशोअर मोड्यूलमध्ये म्हणूनच संगणकीय प्रवाह-गणनेचा अहवाल मागवतात. फ्लॅक्ससारख्या प्रणालीतून ‘ड्रॅग’ नावाने येणारी राशी हा गतिज दाब असतो, त्यात गुणांक मिसळलेला नसतो. तरीही अहवाल लिहिणाऱ्याने शेवटच्या तक्त्यात तो मिसळला आहे का, हे लेखी विचारा. तिथे १.२ दोनदा लागू शकतो किंवा एकदाही नाही.

पाइपांकडे इतकं लक्ष द्यायचं कारण पायपर आल्फा. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या त्या प्लॅटफॉर्मवर पहिला स्फोट झाला, अग्निरोधक भिंत फुटली, तिच्या तुकड्याने शेजारच्या मोड्यूलमधला पाइप तोडला आणि आग पसरत गेली. १६७ माणसं गेली. आपल्याकडे नागोठण्याचा १९९० चा स्फोट आणि २९ ऑक्टोबर २००९ ला जयपूरच्या सीतापुऱ्यात तेलाच्या आगारात झालेला स्फोट विसरता येत नाही. पहिला स्फोट थांबवणं स्ट्रेस इंजिनिअरच्या हातात नसतं. दुसरी गळती होऊ न देणं बऱ्याच अंशी असतं. म्हणून सगळ्या लाइन सारख्या नसतात. फायरवॉटर, डिल्यूज, इमर्जन्सी शटडाउन व्हॉल्व्हपर्यंतच्या लाइन, डीप्रेशरायझिंग आणि फ्लेअर यांच्यावर वेळ खर्च करा. कूलिंग वॉटरच्या शाखेवर नको.

आता गतिकीय गुणक. स्फोटाचा भार स्थिर भार म्हणून लावायचा तर तो पाइपच्या नैसर्गिक आवर्तकाळाशी ताडून गुणावा लागतो. त्रिकोणी भाराचा कालावधी आवर्तकाळाच्या एक पंचमांश असेल तर गुणक सुमारे ०.६; दुप्पट असेल तर १.७५ च्या आसपास. फार लांब असेल तर २ कडे. लांब अंतरावर सपोर्ट असलेली, चार हर्ट्झची लवचिक लाइन पन्नास मिलिसेकंदांच्या झोताला निम्म्या-पाऊण भारानेच प्रतिसाद देते. घट्ट धरलेली वीस हर्ट्झची लाइन त्याच झोताला दीडपटीहून जास्त. म्हणजे घाबरून सपोर्ट वाढवले की भारही वाढतो. सरसकट २ घेणं सोपं आहे, पण त्याने चुकीच्या लाइन फेल होतात आणि चुकीचे उपाय सुचतात. मोडल ॲनालिसिस करायला काही मिनिटं लागतात. ती द्या.

मॉडेलमध्ये भरताना

वाऱ्याचा भार एकटा चालवून त्याचे ताण सस्टेन्डमध्ये मिळवू नका. गाइडची फट, एकाच दिशेने धरणारे सपोर्ट, घर्षण यांमुळे प्रणाली अरेषीय असते. ऑपरेटिंग अधिक वारा ही केस सोडवा, तिच्यातून ऑपरेटिंग वजा करा, उरतो तो वाऱ्याचा शुद्ध परिणाम. तो सस्टेन्डमध्ये मिळवून बी३१.३ च्या १.३३ पट मर्यादेशी ताडा. वारा आणि भूकंप एकाच वेळी धरायची गरज तिथे नाही. सपोर्ट आणि नोझलसाठी मात्र ऑपरेटिंग अधिक वारा ही अखंड केसच पाहा. चारही आडव्या दिशा घ्या. स्फोटाला, वर-खाली दोन्ही बाजूंना खुल्या असलेल्या लाइनसाठी, उभी दिशाही. स्फोटाच्या ताणाची मर्यादा प्रोजेक्टच्या डिझाइन बेसिसमध्ये लिहून घ्या. बी३१.३ ती तुम्हाला ठरवून देत नाही. पाइप वाकला तरी चालेल पण गळता कामा नये, की तो वाकताही कामा नये, हा निर्णय सेफ्टी विभागाचा आहे.

वाऱ्याच्या रकान्यातून स्फोटाचा भार भरत असाल तर रकान्यात आधीचा ०.७ पडून आहे का पाहा. दाबात १.२ मिसळून भरला आणि शेप फॅक्टर ०.७ तसाच राहिला, तर भार तीस टक्क्यांनी खाली जातो आणि अहवालात काहीच खटकत नाही. इमारतीतल्या किंवा जमिनीखालच्या भागात शेप फॅक्टर शून्य करून पुढे बाहेर आल्यावर तो परत चालू करायचा राहिला, तर तिथून पुढच्या सगळ्या एलिमेंटवर वारा लागतच नाही.

या चुका पकडायला एक हातची तपासणी पुरेशी आहे. एका दिशेच्या वाऱ्याच्या केसमध्ये त्या दिशेच्या सगळ्या सपोर्ट, अँकर आणि नोझलच्या प्रतिक्रियांची बेरीज करा. उघड्यावर, वाऱ्याला काटकोनात असलेली सहा इंची लाइन चाळीस मीटरची असेल तर मुंबईच्या डिझाइन वेगाला १.२ गुणांकाने मीटरला २३५ न्यूटन गुणिले ४०, म्हणजे सुमारे ९.४ किलोन्यूटन यायला हवेत. ४.७ आले तर एक तर ०.६ लागला आहे, नाहीतर निम्म्या लांबीवर वारा लागलेलाच नाही. आडव्यातिडव्या लाइनला वाऱ्याला काटकोनात पडणारी लांबी धरा. बेरीज जुळली की ती कॅल्क्युलेशनच्या पहिल्या पानावर लिहा आणि तिच्या शेजारी गुणांक, तो कोणत्या कोडच्या कोणत्या तक्त्यातून घेतला ते, धरलेला बाहेरचा व्यास आणि वेग-व्यासाचा गुणाकार. तपासणाऱ्याला मॉडेल न उघडता त्या एका ओळीतून तुमची निवड कळली पाहिजे.